मांडी पोराची, पाप कारभाऱ्यांचे

सप्टेंबर 2025. पहाटेचे साडेपाच. कोल्हापुरातली एक जुनी तालीम. हौद्यातली लाल माती नुकतीच उकरलेली, तिच्यातल्या ताकातेलाचा वास दारापर्यंत येत होता. चार पैलवान जोर मारत होते. त्यांच्या पलीकडे, भिंतीलगत अंथरलेल्या फाटक्या मॅटवर एक तरणा फुटबॉलपटू गुडघे टेकून बसला होता. एका पैलवानाने त्याच्या टाचा दोन्ही हातांनी दाबून धरल्या होत्या आणि हा पोरगा कमरेत न मोडता, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत ताठ राहून, इंचाइंचाने पुढे झुकत होता. मांड्यांच्या मागच्या शिरा तटतटून वर आल्या होत्या. निम्म्यावर आला की तोल सुटायचा, तो हातांवर पडायचा, उठायचा, पुन्हा झुकायचा. अशा सहा खेपा झाल्या. मग टॉवेलने तोंड पुसत त्याने आम्हाला विचारले, "तुम्ही पेपरवाले न्हवं? सीझनची तारीख कळली काय ओ? तारखेबिगार मेहनत मोजायची कशी, तेच कळंना झालंय."

हा पोरगा हौशी खेळाडू नव्हता. परराज्यातल्या एका व्यावसायिक क्लबाशी त्याचा करार होता. क्लबाने सराव थांबवला होता, व्यायामशाळेला कुलूप लावले होते आणि खेळाडूंना घरी पाठवले होते. फिजिओ कधीमधी फोनवर भेटत होता. देशातल्या सर्वोच्च पातळीवर खेळणाऱ्या माणसाची मांडी त्या पहाटे एका पैलवानाच्या मेहेरबानीवर जपली जात होती.

त्याचा प्रश्न आम्ही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या दारावर ठोकून विचारतो आहोत. तारखेवाचून मेहनत मोजायची कशी? उत्तर द्या! तुमच्या बैठका, तुमच्या समित्या, तुमची घटना आणि तुमच्या निविदा यांच्या जात्यात पोरांचे स्नायू भरडले गेले आहेत, आणि जात्याचा खुंटा तुमच्या हातात होता.

महासंघाचा व्यापारी हक्कांचा करार 2010 साली झाला. तो 15 वर्षांचा होता. म्हणजे तो 8 डिसेंबर 2025 ला संपणार हे पहिल्या दिवसापासून कागदावर लिहिलेले होते. पूर सांगून येत नाही, भूकंप सांगून येत नाही. ही तारीख 15 वर्षे आधी सांगून आली होती! तरीही जुलै 2025 मध्ये इंडियन सुपर लीग स्थगित झाली. क्लबांना पुढचा हंगाम होणार की नाही ते ठाऊक नव्हते. काहींनी सराव बंद केला, काहींनी पगार रोखले. नोव्हेंबरात नव्या निविदेची मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. जानेवारी 2026 उजाडला तेव्हा सुनील छेत्री आणि गुरप्रीतसिंग संधू यांच्यासारख्या खेळाडूंवर कॅमेऱ्यापुढे उभे राहून थेट फिफाला साकडे घालण्याची पाळी आली. ज्यांनी देशासाठी घाम गाळला त्यांना, आम्हाला खेळू द्या, एवढ्यासाठी हात जोडावे लागले. शेवटी केंद्रीय क्रीडामंत्र्यांना मध्ये पडावे लागले आणि 14 फेब्रुवारी ही तारीख ठरली. आधीच्या हंगामाचा अंतिम सामना 12 एप्रिल 2025 ला झाला होता. मध्ये दहा महिने गेले.

महासंघ म्हणेल, घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता, आमचे हात बांधलेले होते. ही सबब आम्ही ऐकून घेणार नाही. तो वाद 2017 पासून न्यायालयात होता. आठ वर्षे घर आवरता आले नाही, म्हणून तर न्यायालयाला घरात यावे लागले. आणि महासंघ म्हणेल, मधल्या काळात डुरँड कप झाला, गोव्यात सुपर कप झाला, सगळे काही बंद नव्हते. चार सामने इथे, तीन तिथे, मग पुन्हा महिना दीड महिना शांतता. या तुकड्यांना हंगाम म्हणणाऱ्याला खेळाडूचे शरीर कशाने बनते याची अक्षरओळखही नाही.

ती ओळख आज करून देणे भाग आहे.

फुटबॉलपटू एका सामन्यात दहा ते बारा किलोमीटर अंतर तोडतो. पण त्याला मोडणारे अंतर ते नव्हे. मोडतात ते त्यातले थोडके क्षण. पूर्ण वेगाने सुटणे, दोन पावलांत थांबणे, एका पायावर गर्रकन वळणे, हवेतून एका पायावर उतरणे. पूर्ण वेगाने धावताना पाय पुढे फेकला जातो आणि तो जमिनीला टेकण्याआधी मांडीच्या मागचा स्नायू, ज्याला सगळे खेळाडू हॅमस्ट्रिंग म्हणतात तो, ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. लांबतालांबता जोर लावणे हे स्नायूचे सर्वांत अवघड काम. तिथेच तो फाटतो. युरोपातल्या अव्वल क्लबांच्या दुखापतींची नोंद 2001 पासून ठेवली जाते. त्या नोंदीत एकूण दुखापतींमधला हॅमस्ट्रिंगचा वाटा सुरुवातीच्या 12 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 24 टक्क्यांवर गेला. खेळ वेगवान झाला, आणि वेगाची किंमत मांडी मोजते.

यावरचा उपाय दडलेला नाही, महागही नाही. तालमीतला पोरगा करत होता तोच. गुडघे टेका, कुणीतरी टाचा धरा, धड हळूहळू पुढे सोडा. जगभर त्याला नॉर्डिक म्हणतात. नेमाने केला तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्यावर येतात, हे एकाहून अधिक देशांतल्या हजारो खेळाडूंवर पाहिले गेले आहे. जोडीला आठवड्यातून दोनदा वजने, स्क्वॉट, उड्या मारून नीट उतरण्याचा सराव, आणि आठवड्यात एकदा तरी अगदी पूर्ण वेगाची धाव. पूर्ण वेगापासून स्नायूला सांभाळायचे तर त्याला पूर्ण वेग अधूनमधून दाखवावाच लागतो. फिफाने स्वतः बनवलेला वीस मिनिटांचा वॉर्मअप कार्यक्रम फुकट मिळतो. त्याला ना यंत्र लागते ना परदेशी तज्ज्ञ.

लागते ती एकच गोष्ट, आणि तीच या देशात कुणी देत नाही. सलग काळ! स्नायूची ही कमाई मुदत ठेवीसारखी पडून राहत नाही. काही आठवडे व्यायाम सुटला की लांबलेले तंतू पुन्हा आखडतात, मिळवलेला वेग मंदावतो. मग एके दिवशी क्लबाचा फोन येतो, या, पंधरा दिवसांत सामने आहेत. दहा महिने अर्धवट ठेवलेल्या अंगावर एकदम पूर्ण ओझे पडते. जगातला कुठलाही शरीरतयारीचा जाणकार सांगेल की दुखापत अतिश्रमापेक्षाही अशा एकदम चढवलेल्या ओझ्याने होते. म्हणून युरोपात हंगामाआधी पाच-सहा आठवड्यांची पूर्वतयारी असते, आणि ती तारखेवरून उलटी मोजत आखतात. पहिला सामना अमुक दिवशी, तर पहिले वजन अमुक सोमवारी. शेवटची तारीखच नसेल तर पहिला सोमवार कोणता?

तिकडे सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. तिकडे लोभ उलट्या टोकाला गेला आहे. बार्सिलोनाच्या पेद्रीला कोवळ्या वयात 2020-21 च्या एका हंगामात क्लब आणि देश मिळून 73 सामने खेळवले आणि पुढच्या वर्षी त्याची मांडी पुन्हा पुन्हा गेली. मँचेस्टर सिटीचा रोद्री सप्टेंबर 2024 मध्ये म्हणाला की खेळाडू संपाच्या उंबरठ्यावर आहेत, आणि आठवडाभरात त्याचा गुडघा गेला. तो अपराध आहेच. पण तिथल्या खेळाडूची संघटना फिफाविरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रार घेऊन जाते, तिचे म्हणणे जगाला ऐकू जाते. आमचा पोरगा न खेळून मोडतो आणि त्याचे कण्हणे चार भिंतींबाहेर येत नाही. 2024-25 मध्ये सुपर लीगच्या प्रत्येक संघाला 24 साखळी सामने होते. हेच मुळात कमी. पुढच्या हंगामाच्या वाट्याला आले 13. तेरा सामन्यांवर अव्वल खेळाडू घडवणार? कुठल्या जगात?

आणि मग येते ते निर्लज्ज वाक्य, जे आम्ही तीस वर्षे ऐकत आलो. भारतीय पोरांची चणच किरकोळ, त्यांच्यात दम नाही, साठाव्या मिनिटाला पोरे संपतात. ज्यांनी दमाची भट्टी विझवली तेच दम नाही म्हणतात! जपानी माणूस धिप्पाड असतो काय? फ्रान्सला 2018 चा विश्वचषक जिंकून देताना सबंध मैदान व्यापून टाकणारा कांते पाच फूट सहा इंचांचा आहे. जपानने 1993 मध्ये व्यावसायिक लीग सुरू केली, 1998 मध्ये पहिला विश्वचषक गाठला आणि त्यानंतर एकही चुकवला नाही. तिथे लीग वर्षामागून वर्षे ठरल्या दिवशी सुरू होत राहिली. पोरांना आपले अंग कोणत्या महिन्यात कुठवर आणायचे ते माहीत होते.

आमच्याच इतिहासाला विचारा. 1951 ला दिल्लीत आणि 1962 ला जकार्तात आशियाई सुवर्ण भारताने जिंकले, 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. जकार्ताच्या त्या स्पर्धेत जर्नेलसिंग डोक्याला टाके घेऊन उतरला, बचावफळीतला हा गडी पुढे खेळला आणि अंतिम सामन्यात त्याने दक्षिण कोरियावर गोलही केला. कर्करोगाने पोखरलेल्या प्रशिक्षक एस. ए. रहीम यांनी तो संघ घडवला होता. रहीम शिस्तीचे कठोर होते, शरीराच्या तयारीला ते खेळाचा पाया मानत. याच मातीतली पोरे होती ती. चण हीच, रक्त हेच. तेव्हा उस्ताद होता, आज कारकून आहेत.

अगदी कालपरवाचेही उदाहरण घ्या. सप्टेंबर 2025 मध्ये लीग बंद असताना, प्रशिक्षक खालिद जमील यांच्या हाताखाली थोड्याशा तयारीनिशी याच पोरांनी ताजिकिस्तानात ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक आणला. दम नाही म्हणणाऱ्यांनी तो सामना पाहावा. आणि पुढच्याच महिन्यात, 14 ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर, छांगतेने चौदाव्या मिनिटाला गोल करून दिलेली आघाडी घालवून आपण सिंगापूरकडून 2-1 असे हरलो आणि 2027 च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. 18 नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाने 1-0 ने हरवले. 22 वर्षांत त्यांना भारतावर विजय मिळाला नव्हता. त्याच महिन्यात जागतिक क्रमवारीत आपण 142 वर घसरलो. 2023 च्या जुलैत 99 वर होतो. या साऱ्या पराभवांचा दोष शरीरतयारीचाच, असे आम्ही म्हणणार नाही. गोल न करता येणे, आक्रमणाची वानवा, ही दुखणी वेगळी आहेत. पण महिनोन् महिने स्पर्धात्मक सामना न खेळलेल्या पायांना देशाचा शर्ट घालून पळायला लावणे ही खेळाडूंची नव्हे, कारभाऱ्यांची हार आहे.

जुनीच खोड आहे ही. कतारमधल्या आशियाई चषकाचा पहिला सामना 13 जानेवारी 2024 ला होता आणि संघ दोहात जमला 30 डिसेंबरला. दोन आठवडे! प्रशिक्षक इगोर स्टिमॅक लांब शिबिरासाठी ओरडत राहिले. निकाल तीन सामने, तीन पराभव, शून्य गोल. त्यांना काढल्यावर आणलेल्या मानोलो मार्केझ यांना तर राष्ट्रीय संघ आणि एफसी गोवा ही दोन्ही ओझी वर्षभर एकदम वाहू दिली. देशाच्या संघाला पूर्णवेळ प्रशिक्षक नव्हता, यापेक्षा मोठी कबुली कोणती हवी? मार्च 2025 मध्ये निवृत्तीतून परत आलेल्या 40 वर्षांच्या छेत्रीने शिलाँगला मालदीवविरुद्ध गोल केला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळी त्या माणसाला द्या. त्याचे खाणे, झोप, व्यायाम हे त्याने वीस वर्षे स्वतःच्या निर्धाराने सांभाळले. महासंघाने त्यात आपला वाटा सांगू नये. चाळिशीच्या माणसाला परत बोलवावे लागते याचा अर्थ त्याच्यामागे वीस वर्षांत तसे एकही शरीर तुम्ही घडवले नाही.

मुलींचे तर बोलायलाच नको. 5 जुलै 2025 ला चिआंग माईत थायलंडला 2-1 हरवून त्या पात्रता फेरीतून आशियाई चषकात गेल्या, संगीता बासफोरने दोन्ही गोल केले. गुडघ्याचा आतला बंध, एसीएल, तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा दुपटीहून जास्त असतो, आणि उडी-उतरणीच्या व पायाच्या ताकदीच्या व्यायामाने तो पुष्कळ कमी करता येतो, हे वैद्यकशास्त्र किती वर्षे सांगते आहे. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका फार मोठा असतो, हेही. जिल्ह्याजिल्ह्यांतून खेळणाऱ्या मुलींपैकी कितींना हे कुणी सांगितले? संघात डॉक्टर नाही, ट्रेनर नाही, आणि मुलगी लंगडली की आई तिला घरी बसवते. एक गुडघा गेला की एक खेळाडू जाते.

आता आमच्या घरचे बोलू, कारण दिल्लीवर तोंड टाकून स्वतःच्या पेठेला सोडणे आम्हाला मान्य नाही.

कोल्हापुरात फुटबॉल हा जीव आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे उच्चारली की शाहू स्टेडियम डोळ्यांपुढे उभे राहते. आणि या संघांच्या नावांत काय आहे? तालीम! ज्या शब्दात शरीर घडवणे हेच पहिले कर्तव्य आहे, तो शब्द छातीवर मिरवणारे संघ. तालमीचा वस्ताद पिढ्यान् पिढ्या काय शिकवत आला? मेहनत, खुराक आणि झोप. जोर किती, बैठका किती, कोणत्या महिन्यात वाढवायच्या, मैदान जवळ आले की कधी उतरवायच्या, दूध-तूप किती, थंडाई केव्हा. पैलवान जत्रेच्या आधी आठ दिवस अंग तयार करत नाही. वर्षभर माती अंगाला लावतो तेव्हा एक दिवस शड्डू ठोकतो. शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आधार हाच होता, पैलवानाला सलग वर्ष मिळावे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत पदक आणले, ते अशाच मातीतून. ज्याला आज परदेशी नावाने शिकवले जाते ते शास्त्र या मातीने सूत्रे न लिहिता सांभाळले.

मग त्याच तालमीच्या नावाने खेळणाऱ्या फुटबॉलपटूच्या वाट्याला काय येते? सकाळी चहा-बटर, दिवसभर नोकरी किंवा दुकान, संध्याकाळी खड्ड्यांच्या मैदानावर थेट चेंडू. मांडी धरली की थंड स्प्रे. फार झाले तर रसवंतीतून आणलेला बर्फ रुमालात बांधून. दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा आत, कारण गॅलरीत पेठ बसली आहे आणि इज्जतीचा सवाल आहे. बक्षिसांच्या रकमा वाढल्या, परगावचे आणि परदेशी खेळाडू आले, फटाके वाढले, हुल्लड वाढली. पण एका तालमीने तरी पूर्ण वेळ फिजिओ ठेवला का? ज्या पोरासाठी तुम्ही डोकी फोडायला निघता, त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची वेळ आली की तुम्ही कुठे असता? त्याचा बाप सोनं गहाण टाकतो. हौद्यात माती आहे, बाहेर मैदान आहे, मध्ये एक भिंत आहे. ती ओलांडून पैलवानाचे शहाणपण फुटबॉलपटूपर्यंत नेणे तुम्हाला इतकी वर्षे का सुचले नाही? त्या पहाटे टाचा धरणारा तो पैलवान साऱ्या पदाधिकाऱ्यांपेक्षा शहाणा होता.

याच शहरातला अनिकेत जाधव 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या संघाला सरकारने, महासंघाने काही वर्षे एकत्र ठेवून घडवले होते, म्हणून ती पोरे जगापुढे उभी तरी राहू शकली, कोलंबियावर एक गोल करू शकली. त्यानंतर त्या वयाच्या खेळाडूंना वर्षभर सामने मिळावेत म्हणून चालवलेला इंडियन ॲरोज हा संघ 2022 मध्ये बंद करून टाकला. रोप लागले असे दिसताच उपटले.

आमची मागणी सरळ आहे. लीगचे वेळापत्रक हंगाम सुरू होण्याच्या किमान चार महिने आधी जाहीर करा आणि ते मोडणाऱ्याकडून, मग तो महासंघ असो, प्रायोजक असो वा क्लब, खेळाडूला भरपाई मिळवून द्या. लीग ठप्प झाली तरी पगार, व्यायामशाळा आणि फिजिओ ठप्प होणार नाहीत हे करारात लिहा. परवाना मिळणाऱ्या प्रत्येक क्लबाकडे, मुलींच्या क्लबाकडेसुद्धा, पात्र ट्रेनर असलाच पाहिजे. नसेल तर परवाना काढून घ्या. दुखापतींची राष्ट्रीय नोंद ठेवा. किती मांड्या गेल्या, किती गुडघे गेले, कोणत्या महिन्यात गेले, हा आकडा आज या देशाजवळ नाही. असता तर तो तुमच्या टेबलावर ठेवून आम्ही एकेका दुखापतीचा जाब मागितला असता.

तो तालमीतला पोरगा पुन्हा भेटला तो मार्चमध्ये, कोल्हापुरातच. पायात चपला, डाव्या मांडीला पट्टा. फेब्रुवारीत क्लबाचा फोन आला, हा धावत गेला, आणि दुसऱ्या आठवड्यातल्या सराव सामन्यात पन्नास मीटरच्या एका धावेत मांडी मागून काडी मोडावी तशी कटकन वाजली. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. तेरा सामन्यांच्या हंगामातले सहा आठवडे! तो परतेल तेव्हा लीग संपत आलेली असेल, करारही संपत आलेला असेल. तो रडला नाही. मॅट त्याच भिंतीलगत अंथरलेली होती. त्याने हलके व्यायाम सुरू केले होते आणि फिजिओने पुढच्या हंगामापासून उलटे मोजत आठवडे लिहून ठेवायला सांगितले होते. वहीच्या पानावर खालून वर आठवड्यांचे आकडे लिहिलेले होते, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. सगळ्यात वर पहिल्या सामन्याची तारीख लिहायची जागा कोरी होती.

"ती कळली काय ओ?" त्याने विचारले.